घराकडच्या चार ओळी

उमा मोसंबीच्या बुडाशी खुरप्यानं उकरून बघत होती आणि नंदाबाईचा जीव त्या खुरप्याच्या टोकाशी लागला होता. हातात भाजलेलं कणीस होतं, पुढं परात होती, तोंडानं धाकट्या जावेशी बोलणंही चाललं होतं. पण लक्ष सगळं घराकडच्या चार ओळींत. पोरगी वीतभर खोल गेली, माती चिमटीत धरून चोळली, नाकाशी नेली आणि तशीच उकिडवी बसून राहिली.

“ताई, हाताला चटका बसत नाही का तुम्हाला?” उमाच्या आईनं, सुहासिनीनं विचारलं.

“बसतो की,” नंदाबाई म्हणाली आणि कणीस चोळायला लागली.

अठ्ठ्याण्णव सालच्या संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. वडीगोद्रीच्या मळ्यात दरसालसारखा हुरडा होता, पण या खेपेला हुरडा नुसता नावाला. उमाच्या नावानं ऑर्डर आली होती: कृषी सहायक, मुख्यालय आष्टी, शुक्रवारपर्यंत रुजू होणे. नोकरी घ्यायची की नाही यावर वाद नव्हता. सरकारी नोकरीला नाही म्हणणारं माणूस या घराण्यात अजून जन्माला यायचं होतं. सगळं अडलं होतं त्या ‘मुख्यालय’ शब्दापाशी. उमा म्हणत होती, मी आष्टीत खोली करून राहणार. तिचा बाप गजानन म्हणत होता, नोकरी आष्टीत आणि राहणं जालन्यात. जुन्या जालन्यातल्या घरात बापलेकीचा आठ दिवस अबोला चालला, तेव्हा कुठं दोघांचं एका गोष्टीवर जुळलं, की वडीगोद्रीला जायचं आणि दादा म्हणतील तसं करायचं.

दादा म्हणजे बद्रीनाथ, नंदाबाईचा नवरा. तो आगटीच्या पलीकडं गुळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात खोचत बसला होता, आणि अजून काहीच म्हणाला नव्हता.

त्याला म्हणायला त्या चार ओळी पुरेशा होत्या. उमा परभणीला शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना त्यानं या अठ्ठेचाळीस झाडांवर बोट ठेवून तिला सांगितलं होतं, “बाकी बागेला हात लावायचा न्हाई. ह्या चार ओळीवर तुझं पुस्तक चालव.” बाकीच्या बागेत तो वाडवडिलांसारखा मृग बहार घेई. त्या बहाराआधी झाडाला पाण्यावाचून ताण द्यावा लागतो, पण मे महिन्यात तो विहीरच देते, माणसाला काही करावं लागत नाही. उमाला आंबिया बहार घ्यायचा होता. त्याचा ताण भर थंडीतला, विहिरीत पाणी असताना द्यायचा. डिसेंबर लागला की पाणी तोडायचं, दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, बागेची कळा जाते. मग पाणी सोडायचं, की झाड फुलानं पांढरं होतं.

गेल्या वर्षी झाड काही पांढरं झालं नाही. चार फुलं इकडं, चार तिकडं, जशी चुकून आली असावीत. यंदा पंचेचाळीस दिवस होत आले तरी चार ओळी हिरव्यागार उभ्या होत्या. असं का, हे बद्रीनाथला माहीत नव्हतं, उमालाही नव्हतं. नंदाबाईला चांगलं माहीत होतं, कारण दर सोमवारी त्यांना पाणी तीच देत होती.

सोमवारी सकाळी लाइट असे. मोटर गव्हावर चाले आणि बद्रीनाथ काही ना काही काम काढून अंबडला गेलेला असे. नंदाबाई फावडं घेऊन पाटावर जाई, गव्हाकडं जाणाऱ्या पाटाचं तोंड, म्हणजे दारं, अर्ध्या तासापुरतं मातीनं बांधी आणि पाणी घराकडच्या ओळींत वळवी. फार नाही, नुसतं गळ्याखाली उतरावं इतकंच. मग वरून कोरडी माती ओढून टाकी. उमा यायची रविवारी, एसटीनं, वही घेऊन. तोवर वरचा थर सुकून भुगा झालेला असे.

यात पुस्तकाचा राग नव्हता, पुतणीचा तर बिलकुल नव्हता. ही झाडं तिनं स्वतः लावलेली होती, दुष्काळाच्या आदल्या साली. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला तेव्हा बद्रीनाथनं बागेचा नाद सोडला होता. नंदाबाईनं सोडला नाही. दोन शेतं ओलांडून पलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहिले, झाडाला तांब्या तांब्या पाणी घातलं आणि बरोबर या चार ओळी वाचवल्या. बाकीची बाग जळाली, ती मागाहून पुन्हा लावली. ज्यांना पाजता पाजता मानेचा मणका गेला, त्यांना पाणी डोळ्यांसमोर वाहत असताना तहानलेलं ठेवायचं, हे तिच्यानं झालं नाही. पहिल्या सोमवारी ती स्वतःला म्हणाली, एकदाच. पुढं म्हणणंही सोडून दिलं.

“ताई, ऐका ना,” सुहासिनी जवळ सरकली. “तुम्ही बोला तिच्याशी. माझं ऐकत नाही, ह्यांचं तर नाहीच नाही. तुमच्यावर तिचा जीव आहे.”

“काय बोलू?”

“राहू नको म्हणा तिथं. मी जाऊन आले आष्टीला, तिला न सांगता. जी खोली दाखवली तिला संडास नाही. पाणी दोन दिवसाआड. संध्याकाळी मुलीच्या जातीनं बोलावं असं कुणी नाही. उद्या स्थळ आलं तर काय सांगू, मुलगी कुठं राहते?” सुहासिनीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मी तुमच्याजवळ आजवर काही मागितलं नाही.”

हे खरं होतं आणि नंदाबाईला तेच लागलं. तिचा गिरिधर आठवीपासून बारावीपर्यंत सुहासिनीच्या घरी राहिला होता. दोन खोल्यांत पाच वर्षं, आणि या बाईनं एकदाही भाकरी मोजून वाढली नव्हती. गिरिधर शेतकीचा पदवीधर झाला तो तिच्या ओट्यावर अभ्यास करून.

“बोलते मी,” नंदाबाई म्हणाली. “शब्द दिला.”

हुरड्याची परात भरली तशी सगळी भोवती बसली. लसणाची चटणी आली, दही आलं, गूळ आला. उमा हात धुऊन बापापासून जरा लांब बसली. गिरिधर मात्र तिच्या शेजारीच टेकला. तो पुण्याला खताच्या कंपनीत होता. वर्षातून एकदा हुरड्याला येई आणि आल्यापासून जायची गाडी विचारी.

“उमे, तू उगंच ताणून राह्यली,” तो चटणीत बोट बुडवत म्हणाला. “आष्टीत खोली घे. भाडेपावती घे, कुलूप लाव, दारावर नाव लिही. राह्य जालन्याला. साहेब तेच करून राह्यले, तलाठी तेच करून राह्यला. कोण बघतंय?”

“लोक बघतात,” उमा म्हणाली.

“लोकाला सवय हे.” त्यानं हुरड्याची मूठ तोंडात टाकली. “तुला गंमत सांगतो. आमच्या शेवटच्या वर्षाला सरांनी एक फॉर्म भरून घेतल्ता. शिक्षण झाल्यावर खेड्यात राहून काम कराल का? हो किंवा नाही. कारण लिहा. त्रेचाळीस जण होतो वर्गात. एकेचाळीस जणांनी हो लिहिलं. कारणं काय एकेकाची! ग्रामीण भागाचा विकास, काळ्या आईची सेवा. आज त्यातले खेड्यात किती हेत, सांग.”

“किती?”

“चार. अन् तेबी कुठं लागले न्हाई म्हणून. ज्या दोघांनी नाही लिहिलं, त्यातला एक तालुक्याला दवाईचं दुकान टाकून बसलाय. तोच काय तो आपल्या मर्जीनं गावच्या जवळ राह्यला.”

“आणि तू काय लिहिलं होतंस?”

गिरिधर हसला. “दीड पान लिहिलं होतं हो म्हणून. सर म्हणले, सगळ्यात चांगलं तुझंच.”

सगळे हसले, बद्रीनाथ सोडून. नंदाबाईही हसली, पण त्या दीड पानाबद्दल ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. घरात वाटणीत आलेल्या बैलासारखा एकच पोरगा, आणि त्यानं कधी काळी दीड पान लिहिलं होतं, की मी इथं राहीन.

गजाननानं घसा साफ केला. तो जालन्याला जिल्हा परिषदेत होता, आणि घरातही कागद पुढं सारल्यासारखाच बोले. “मी सांगतो. मुख्यालयी राहत असल्याचे दाखले माझ्याच टेबलावर येतात. वर्षाला चारपाचशे. सरपंचाची सही, शिक्का, सगळं बराबर. त्यातले खरे मी बोटावर मोजून दाखवीन. मग माझ्याच पोरीनं कशाला जीव धोक्यात घालायचा?”

“म्हणूनच, पप्पा,” उमा म्हणाली. “तुमच्या टेबलावर माझा खोटा दाखला मला नको.”

गजाननाचा हात परातीवरच थांबला. सुहासिनीनं नंदाबाईकडं पाहिलं. आता बोला, असं ते पाहणं होतं. नंदाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात बद्रीनाथ बोलला.

“सातबाऱ्यावर कॉलेजचं शीट घेतलं ना आपण?” तो सावकाश म्हणाला. “गजू, जालन्याचे तुम्ही, पण सातबाऱ्यावर तुपलं नाव हे म्हणून पोरीला शेतकऱ्याचे मार्क भेटले. मग ती गावात राह्यते म्हणली तर तुला नको वाटावं, हे मला पटत न्हाई.”

उमाचा चेहरा उजळला. गजाननाचा उतरला. सुहासिनी पदर आवळून बसली.

“पण,” बद्रीनाथ गुडघ्यावर हात टेकून उठला, “गावात राह्यचं तर गावाला देण्यासारखं काही पाह्यजे जवळ. चला, दाखवतो.”

सगळे त्याच्या मागून घराकडच्या ओळींपाशी गेले. नंदाबाई सगळ्यात मागं. बद्रीनाथनं एक फांदी धरून खाली ओढली. पानं कशी, तेल लावून पुसल्यासारखी.

“पंचेचाळीस दिवस. एक पान पिवळं दाखव मला.”

उमानं फांदीची पानं उलटून बघितली.

“गेल्या साली मी गप बसलो. म्हणलं लेकरू हे, शिकून राह्यलं. औंदा बी तेच. अठ्ठेचाळीस झाडाचा दोन वर्षाचा बहार गेला. माझा गेला, काही न्हाई, मी तुझा मोठा बाबा हे. आष्टीतला माणूस आपली बाग तुझ्या हाती देईन, त्याला काय सांगशीन? ताण बसला न्हाई? तो दोन वर्षं थांबन का?”

आवाज चढला नव्हता. बद्रीनाथ रागावून बोलला असता तर पोरीनं उत्तर दिलं असतं. तिनं वही उघडली, मिटली.

“मी आत्ता उकरून पाहिलं,” ती म्हणाली. “वर कोरडं आहे, पण वीतभर खाली ओल आहे. विहीर जवळ आहे, तिकडून पाझरत असेल असं मला वाटलं. नाहीतर माती फार भारी असेल. पण गेल्या वर्षीही मी हेच लिहिलं होतं. मला कळत नाही, मोठे बाबा. खरंच कळत नाही. पुस्तकात आहे तसं सगळं केलं.”

“पुस्तक चुकत नसन. आपली जमीन निराळी असन,” गिरिधर चांगुलपणानं म्हणाला. त्यानं तर ती जास्तच खचली.

उमानं बापाकडं पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. “पप्पा, तुम्ही म्हणता तसं करू. जालन्यातून जाईन-येईन. फॉर्म भरणं, रिपोर्ट लिहिणं, तेवढं मला येतं. लोकांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नसेल तर तिथं राहून तरी काय करायचं.”

गजानन नुसता हूं म्हणाला. त्याला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण लेकीचा पडलेला आवाज ऐकून तो बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडत राहिला. सुहासिनीनं मोठा श्वास सोडला आणि नंदाबाईचा हात धरून दाबला. बिनबोलता काम झालं होतं. दिलेला शब्द आपोआप पाळला गेला होता. नंदाबाईनं आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि बाईच्या जातीला ते जन्मभर जमलेलं असतं.

तिला ते जमलं नाही. उमानं वही पिशवीत टाकली, आणि ते बघताना नंदाबाईला एकदम गिरिधरचं दीड पान आठवलं. हे पोरगं पुण्याला गेलं त्यात आपला दोष नव्हता. ही पोरगी मागं फिरत होती, त्यात मात्र सगळा आपलाच होता.

“झिरपत बिरपत न्हाई,” ती म्हणाली. “पाणी मी देते.”

कुणाला नीट कळलं नाही. बद्रीनाथ म्हणाला, “कशाला?”

“ह्या झाडांला. गव्हाचं दारं बांधते अन् इकडं वळवते. औंदा पाच सोमवार. गेल्या साली बी. वरून कोरडी माती टाकते.” तिनं नवऱ्याकडं बघायचं टाळलं आणि पुतणीकडं बघितलं. “तुझं काही चुकलं न्हाई, उमा. तू इतवारी येतीस. मी सोमवारी पाणी सोडते.”

बद्रीनाथच्या हातातली फांदी सुटून वर गेली. “दोन वर्षं?” तो म्हणाला. “मी ह्या लेकराला दोन वर्षं बोल लावून राह्यलो, अन् तू भाकरी वाढून ऐकून राह्यली?”

“हो.”

“कामून पण?”

“तुम्हाला ठावं हे कामून. शहाऐंशीला तुम्ही म्हणलेत, मरू द्या. मी मरू दिली न्हाई. आता पाणी असून मारायची म्हणता. मपल्यानं न्हाई बघवत.”

बद्रीनाथनं तोंड फिरवलं. त्याला तो उन्हाळा आठवत होता, आणि हंडे कुणी वाहिले हेही.

उमाला मात्र राग आला होता. इतका राग, की डोळ्यांत पाणी आलं. “मोठी आई, मला सांगायचं ना. मी रात्र रात्र पुस्तकं काढून बसले. मला वाटलं मी नापासच आहे, नुसती डिग्री मिळाली.”

“सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, देऊ नको. मंग मला देता आलं नसतं.”

गिरिधरला हसू येत होतं, ते त्यानं गिळलं. गजानन पुढं आला. “बघ उमा. सख्खी मोठी आई तुझं ऐकत नाही. आष्टीत परकी माणसं. घराघरात एकेक वहिनी निघेल. तिथं जाऊन तू काय करणार?”

“तेच सांगून राह्यले मी, भाऊजी,” नंदाबाई म्हणाली. “इतवारी येऊन वही भरणाऱ्याला कोणी खरं सांगत न्हाई. मी सांगितलं का? घरचीच असून न्हाई सांगितलं. ही सोमवारी इथं असती तर माझी छाती झाली नसती फावडं उचलायची. अन् उचललं असतं तर हिनं तिथंच विचारलं असतं, मी तिथंच सांगितलं असतं. दोन वर्षं गेली नसती.” तिला धाप लागली. एवढं लांब ती मोठ्या माणसांत कधी बोलली नव्हती. “ती जालन्याहून येऊन-जाऊन करन, तर आष्टीत बी असंच व्हईन. ती गेली की लोकं दारं मोडतीन.”

सुहासिनीचा हात केव्हाच सुटला होता. “ताई,” ती हळू म्हणाली, “तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. मोडला. तू मपल्या लेकराला पाच वर्षं जेवू घातलं, अन् मी तुझं एवढं ऐकलं न्हाई. तुला काय म्हणायचं ते म्हण.”

सुहासिनी वळली आणि आगटीकडं चालू लागली. तिचं ते पाठमोरं जाणं नंदाबाईला नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

उमानं नाक पुसलं. पिशवीतून वही पुन्हा काढली. “किती वेळ सोडायचीस पाणी?”

“अर्धा तास.”

“चारही ओळींना?”

“विहिरीकडच्या दोनला जास्ती. त्या नाजूक हेत.”

“शेवटचं कधी?”

“गेल्या सोमवारी.”

उमा लिहीत होती, नंदाबाई विचारलेलं सांगत होती, आणि दोन वर्षांत त्या वहीत पहिल्यांदाच काही खरं चाललं होतं. बद्रीनाथनं ते बघितलं. मग भावाला म्हणाला, “गजू, आष्टीत आपल्या ओळखीचं कोण हे?”

“दादा, तुम्ही पण?”

“कोण हे ते सांग.”

गजाननानं बुटाची माती झटकली. “कारभारी मास्तर आहेत. रिटायर झाले. घर मोठं आहे त्यांचं, नवरा-बायको दोघंच.”

“संडास आहे का?” आगटीपासून सुहासिनीचा आवाज आला. ती त्यांच्याकडं पाठ करूनच बसली होती. “ते विचारा आधी. आणि पाण्याचं विचारा. मी स्वतः बघितल्याशिवाय ट्रंक हलणार नाही.”

गजाननानं मान हलवली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण जाताना त्यानं लेकीला एवढंच विचारलं, “तू चलतेस ना आत्ता?” आणि उमा म्हणाली, “उद्या येते. तुम्ही व्हा पुढं.” गिरिधर संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. सुहासिनी निघताना नंदाबाईच्या पाया पडली, दरसालसारखी, पण नजर खालीच ठेवून. नंदाबाईनं हुरड्याचं गाठोडं तिच्या हातात दिलं, तेवढं तिनं घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लाइट आली. मोटर सुरू झाल्याचा आवाज नंदाबाईनं चुलीपुढं ऐकला. तिनं चहा उतरवला, हात पुसले, आणि भिंतीला लावलेलं फावडं खांद्यावर कधी आलं हे तिला पाटापाशी पोचेपर्यंत कळलं नाही. गव्हाकडं पाणी खळखळत चाललं होतं. दोन फावडी मातीनं ते वळलं असतं.

बांधावर उमा बसली होती. अंगाभोवती गोधडी, पायात बद्रीनाथच्या वहाणा, मांडीवर वही मिटलेली. तिनं मोठ्या आईकडं पाहिलं, फावड्याकडं पाहिलं, आणि जरा सरकून बांधावर जागा केली.

नंदाबाई फावडं आडवं ठेवून तिच्या शेजारी बसली. समोर पाणी वाहत होतं आणि झाडं कोरडी उभी होती.

“अजून किती दिवस?” तिनं विचारलं.

“तुझ्या पाण्यामुळं पंचवीस तरी,” उमा म्हणाली. “तू नीट राहिलीस तर.”

“तू तर शुक्रवारपासून आष्टीला.”

“हो.”

“मंग माझ्यावर नजर कोण ठेवन?”

उमानं गोधडीचं एक टोक मोठ्या आईच्या खांद्यावर ओढलं. हमरस्त्यानं जालन्याची पहिली एसटी आली, फाट्यावर थांबली, निघून गेली. उमा उठली नाही. फावडं हाताशी होतं, आणि नंदाबाई दोन्ही हात गोधडीत घालून बसून राहिली.